रक्तातला आकडा: पीएसए चाचणीचा वादग्रस्त इतिहास

१/ घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्ततपासणीच्या अहवालात 'पीएसए' ही अक्षरे आपण पाहिली असतील. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची ही चाचणी. तिच्यावरून चाळीस वर्षे वाद चालू आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. १९७० मध्ये रिचर्ड ॲब्लिन यांनी या ग्रंथीतील एका विशिष्ट प्रतिजनाची नोंद केली. १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू आणि सहकाऱ्यांनी पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळे केले. लवकरच ते रक्तात मोजता येऊ लागले. (जपानमध्ये मित्सुओ हारा त्याआधीच वीर्यातील अशा प्रथिनाचा अभ्यास करीत होते, तोही न्यायवैद्यकासाठी! श्रेयाचा वाद वेगळाच.)

३/ १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचणीला मान्यता दिली, ती केवळ निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यापुरती. हा तपशील महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली की हे प्रथिन रक्तातून जवळजवळ नाहीसे व्हायला हवे. ते पुन्हा वाढू लागले, तर ते निर्माण करणाऱ्या पेशी कुठेतरी उरल्या आहेत. इथे आकडा सहसा फसवत नाही.

४/ निरोगी माणसाची ग्रंथी मात्र जागेवरच असते. वयोमानाने ती वाढली, तिला जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो. तरीही १९९४ मध्ये पन्नाशीपुढील पुरुषांत रोग शोधण्यासाठी, शारीरिक तपासणीच्या जोडीने, हीच चाचणी मान्य झाली. मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही सीमारेषा रूढ झाली.

५/ यातून सापडलेले कित्येक कर्करोग इतके संथ होते, की त्यांनी रुग्णाला आयुष्यभर त्रासही दिला नसता. उपचारांनी मात्र अनेकांचे लघवीवरील नियंत्रण गेले, लैंगिक क्षमता गेली.

६/ २०१० मध्ये खुद्द ॲब्लिन यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले, की ही चाचणी नाणेफेकीहून फारशी सरस नाही. मला हे टोकाचे वाटते. कारण २००९ मध्येच युरोपातील मोठ्या चाचणी-अभ्यासात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटलेले दिसले होते. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मात्र लाभ आढळला नाही.

७/ २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यगटाने सरसकट तपासणीविरुद्ध मत दिले. २०१८ मध्ये त्याने ते बदलले: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, सत्तरीपुढे नकार कायम.