धूर दिसत नाही तेव्हा : आगीचा श्वास मोजण्याची गोष्ट

अलिबाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जायची वाट, पांढरा कांदा आणि वीकेंडची मांडव्याची बोट. पण याच गावात एक जुनी वास्तू आहे, जिच्यासमोरून बहुतेक पर्यटक न थांबता निघून जातात. चुंबकीय वेधशाळा.

तिची गोष्ट थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला व्हायच्या. मग मुंबईत विजेच्या ट्रामचे बेत सुरू झाले. विजेची ट्राम धावली की जवळची नाजूक उपकरणं भरकटणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं. म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीला दगडही असा निवडला की ज्यात लोहचुंबकत्व नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, ताळमेळ बसवला आणि मग काम पूर्णपणे इकडे आलं. तेव्हा हा जिल्हाही कुलाबा जिल्हाच होता, रायगड हे नाव 1981 मधलं. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली म्हणा!

हे आज का सांगतोय? कारण चुंबकत्व दिसत नाही, वास येत नाही, अंगाला जाणवत नाही. ते फक्त उपकरणालाच कळतं. आजचा विषय अशाच एका न दिसणाऱ्या गोष्टीचा आहे: आगीतून बाहेर पडणारा वायू. आणि तो मोजणारं, हातात मावणारं एक यंत्र. कारागीर त्याला नुसतं 'ॲनालायझर' म्हणतात.

डोळ्यांवर विसंबण्याचा काळ

आपल्याकडे म्हण आहे, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात सगळा हिशेब याच म्हणीवर चालायचा. धुराडं काळा धूर ओकतंय, म्हणजे कोळसा नीट जळत नाही. 1912 मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याच्याही आधी, 1880 च्या दशकात, रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एक तक्ता काढला होता. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा, आणि धूर कुठल्या छटेशी जुळतो ते बघायचं. उपकरण कोणतं? माणसाचा डोळा.

पण म्हणीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. धूर नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं अजिबात नाही. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त आहे. म्हणजे बसमध्ये एकदा सीट धरली की हा उठतच नाही, आणि ऑक्सिजन बिचारा दारात लटकलेला.

चिमणी आणि पक्षी

मराठीत चिमणी म्हणजे धुराडंही आणि पक्षीही. या इतिहासात दोन्ही आहेत. 1890 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून परिणाम नोंदवले. खाणीत स्फोट झाला की कित्येक कामगार स्फोटाने नाही, तर त्यानंतरच्या वायूने मरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. छोट्या प्राण्यांचा श्वास जलद असतो, त्यामुळे विषारी हवेचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याचा सल्ला त्यांनी दिला. पक्षी डुलायला लागला की माणसांनी पळायचं. ब्रिटनने या पक्ष्यांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाजूने निवृत्त करायचं ठरवलं, तेव्हा साल होतं 1986!

बॉयलरवाल्यांनी मात्र वेगळा रस्ता धरला होता. त्यांना जीव नाही, कोळसा वाचवायचा होता. 1870 च्या दशकात ऑर्सा नावाच्या फ्रेंच माणसाने काचेच्या नळ्यांचं एक उपकरण बनवलं. धुराड्यातला 100 मिलिलिटर वायू घ्यायचा आणि एकामागून एक तीन द्रावणांतून फिरवायचा. पहिलं द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषतं, दुसरं ऑक्सिजन, तिसरं कार्बन मोनॉक्साइड. दर वेळी वायू किती कमी झाला ते वाचायचं. पद्धत पक्की, पण काच, रसायनं आणि वेळ, तिन्ही सांभाळायचं. भट्टीवर काम करणाऱ्याला हे रोज करणं म्हणजे डोक्याला ताप.

ऑक्सिजनचं चुंबकाशी नातं

आता गंमत ऐका. 1840 च्या दशकाच्या शेवटी मायकेल फॅरेडे यांना आढळलं की ऑक्सिजन चुंबकाकडे किंचित ओढला जातो. हवेतले बाकीचे मुख्य वायू तसे ओढले जात नाहीत. 1940 मध्ये लायनस पॉलिंग यांनी याच गुणावर ऑक्सिजन मोजणारं उपकरण बनवलं. ते हवं होतं पाणबुडीत श्वास घेण्यालायक हवा आहे का ते बघायला. पुढे तेच तत्त्व मोठ्या कारखान्यांच्या भट्ट्यांवर आलं. म्हणजे अलिबागची वेधशाळा ज्या चुंबकत्वाच्या मागे लागली, त्याच्याच एका करामतीने आगीत किती हवा उरली ते कळू लागलं.

आणि भट्ट्या अलिबागपासून लांब नाहीत. थळचा आरसीएफचा खत कारखाना 1985 च्या सुमारास सुरू झाला, नैसर्गिक वायूवर. अमोनिया बनवताना त्या वायूला 800 अंशांच्या वर तापवावं लागतं. एवढ्या मोठ्या आगीत हवा थोडी जरी जास्त गेली, तरी ती फुकट तापून धुराड्यातून निघून जाते. ऊर्जा बचतवाल्यांचा ठोकताळा असा: धुराड्याचं तापमान 22 अंशांनी उतरवलं की साधारण 1% इंधन वाचतं. मोठ्या कारखान्याच्या बिलात हा 1% म्हणजे चेष्टा नाही.

मुठीतलं यंत्र

1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये छोटे विद्युत-रासायनिक सेन्सर तयार झाले. खरं तर ती एक छोटी बॅटरीच. वायू आत शिरला की त्याच्या प्रमाणात करंट निघतो. त्यातूनच हातातले ॲनालायझर आले. ते चालवताना कसं दिसतं, हे बघायला मी अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर गेलो, जिथे गरम पाण्याचा गॅसवर चालणारा बॉयलर आहे. तिथल्या मेकॅनिक काकांनी यंत्र चालू केलं ते बाहेर, वाऱ्यात.

"आधी हिला मोकळी हवा पाजायची," काका म्हणाले. स्क्रीनवर ऑक्सिजन 20.9, कार्बन मोनॉक्साइड शून्य. हवेतला ऑक्सिजन जगभर एवढाच, त्यामुळे हेच यंत्राचं शून्य ठरवणं. मग धुराड्याच्या छोट्या भोकातून लांब नळी आत घातली. यंत्रातला पंप वायू खेचतो, मधल्या सापळ्यात पाणी अडतं, नळीच्या टोकाला तापमान कळतं.

आकडे आले: ऑक्सिजन 9, कार्बन मोनॉक्साइड जेमतेम. मला वाटलं, छान! काका हसले. "दादा, हा बॉयलर समुद्राची हवा तापवतोय." धुरात 9% ऑक्सिजन उरतो याचा अर्थ गरजेपेक्षा सुमारे 75% जास्त हवा आत जाते. हिशेब सोपा आहे, 9 भागिले 21 वजा 9. त्यांनी हवेची झडप हळूहळू बंद केली. ऑक्सिजन 4 वर आला, म्हणजे जादा हवा जवळपास 24%. अजून बंद केली आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उसळला, शेकड्यांत गेला. लगेच झडप थोडी उघडली. बास. ज्योत मात्र तिन्ही वेळा डोळ्याला सारखीच निळी दिसत होती.

मग बाथरूमचं काय?

हा इतिहास नीट बघितला तर एक गोष्ट टोचते. मीटर आधी तिथे गेला जिथे इंधनाचं बिल मोठं होतं. 1923 चा बॉयलर कायदा झाला, तोही स्फोट होऊ नये म्हणून. पण घराघरातल्या छोट्या आगीकडे, गॅस गिझरकडे, नळी घेऊन कोणी येत नाही. आणि माणूस कपडे काढून, दार-खिडकी बंद करून याच आगीशेजारी उभा असतो.

आकडे मांडू. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण 0.9 किलो एलपीजी जाळतो. त्याला तासाला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे सगळी मिळून 8 घनमीटर हवा. वारा यायला वाटच नसेल, तर दहा मिनिटांत गिझर पाव बाथरूमची हवा खातो. ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची 15 मिनिटांसाठीची मर्यादा आहे सुमारे 87 पीपीएम. 1600 पीपीएमच्या हवेत वीस मिनिटांत डोकं दुखतं, चक्कर येते, आणि दोन तासांत जीव जाऊ शकतो. बिघडलेली ज्योत बंद खोलीत तिथवर पोचू शकते.

म्हणून सांगतो, ऐकून सोडून देऊ नका. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हवा. ते जमत नसेल तर बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मग आंघोळ. होमस्टे बुक करताना विचारा, गिझर कुठे बसवलाय? कोळशाची शेगडी थंडी वाजते म्हणून खोलीत घेऊ नका. आणि कोणी चक्कर येऊन पडलं, तर आधी गॅस बंद, माणूस मोकळ्या हवेत, मग दवाखाना. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आवर्जून सांगा. कोविडपासून घरात असलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर इथे भरवसा नको. त्याला रक्तातला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, तो 98 दाखवत बसेल.

ॲनालायझर महाग आहे, तो प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणत नाही. पण त्याच जातीचा सेन्सर असलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म घरात लावता येतो. आणि गिझरची सर्व्हिसिंग करायला माणूस आला की एक प्रश्न विचारता येतो: "दादा, धुरातला वायू मोजणार का, की नुसती ज्योत बघणार?" दहा जणांनी विचारलं की अकराव्याकडे तो यंत्र घेऊनच येईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर खिडकी उघडी ठेवा.