हडळीची चिंच

आमच्या खालच्या वावराला गावात कुणी गट नंबरानं ओळखत नाही. 'हडळीच्या चिंचेखालचं' म्हटलं की सगळ्यांना कळतं. लहानपणी दिवस मावळला की त्या बांधावरून आम्ही पळत यायचो. मागं बघायचं नाही, कुणी नावानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही. हडळीचे पाय उलटे असतात, पुढनं बाई धडधाकट दिसते आणि पाठीमागनं नुसता सांगाडा, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

हडळ म्हणजे नेमकं कोण, हे मात्र फार उशिरा कळलं. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण शब्दांचा नाद आहे. गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडं मोल्सवर्थसाहेबाचा जाडजूड कोश होता. तो पहिल्यांदा 1831 साली छापला गेला आणि 1857 ला पुन्हा. इंग्रजी गुरुजी सांगायचे, मराठी मी वाचायचो. पावसाळ्यात शेतात जाता येईना, तेव्हा आम्ही दोघांनी भुतांची शिरगणती केली म्हणा ना.

पुरुषांच्या भुतांना तिथं थाट आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला पोरगा तो मुंजा, त्याला पिंपळ. पुरलेल्या धनात जीव अडकला तो समंध. खवीस हा मुळात अरबी शब्द, खबीस, म्हणजे दुष्ट, ओंगळ. तो आपल्याकडं आला आणि गावकरी होऊन बसला. वेताळ तर भुतांचा राजाच, त्याला शेंदूर, नारळ, कुठं कुठं जत्रासुद्धा.

बायकांची नावं बघा. बाळंतपणात गेली ती हडळ. कुठं तिलाच हेडळी म्हणतात, कुठं अळवंतीण. (बाळंतीण आणि अळवंतीण, दोन्ही शब्द एकामागोमाग म्हणून बघा.) सवाष्ण असताना इच्छा राहून गेली ती जखीण. विधवा गेली ती लावसट. आमच्याकडं नुसतं लाव म्हणतात. गाव बदललं की नावांची थोडी अदलाबदल होते. पण प्रत्येक नावात बाई कशी मेली आणि तेव्हा तिचा नवरा होता का नव्हता, एवढंच नोंदवलेलं. जणू मृत्यूचे दाखलेच.

त्यातल्या जखिणीचं मला फार वाटतं. जाणकार तिचं मूळ यक्षिणीत सांगतात. झाडाची, पाण्याची, धनाची राखण करणारी ती यक्षिणी. तिच्याच घराण्यातली एक बाई कोकणात नि मावळात जाखाई होऊन देवळात बसली, आणि दुसरी जखीण होऊन विहिरीच्या काठावर राहिली. डाकीण, चेटकीण हे शब्द वेगळे, ते जित्या बाईला चिकटवतात. त्या शब्दांपायी बायकांनी मार खाल्लाय, जीवही गेलेत. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला कारणं अशीच होती.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न धाडून असल्या समजुती लिहून घ्यायचा. 1909 साली नाटकाच्या थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, तोच हा जॅक्सन. त्याची टिपणं पुढं एन्थोव्हेननं छापली, कोकणचा भाग 1915 साली. त्यात हडळ आहे, जखीण आहे, लावसट आहे. बाळंतीण गेली तर काय काय करायचं तेही आहे. गुरुजी ते पान वाचून दाखवत होते आणि मला आमचं घर दिसत होतं.

कारण आमच्या चिंचेवरची हडळ म्हणजे माझी थोरली आत्या. माझ्या जन्माच्या आधी पाच-सहा वर्षं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावणातले दिवस, ओढ्याला पाणी. दवाखाना तालुक्याला, आणि बैलगाडी ओढा ओलांडीना. दाराला कडुनिंब होता, उशाखाली विळा होता, पाचवीच्या पूजेची तयारी होती. चौथ्या दिवशी अंगावरून जाऊन जाऊनच ती गेली. बाळ तिच्या आधी गेलं होतं. चिंचेपलीकडं तिला जाळलं. ती परत येऊ नये म्हणून जाणत्यांनी उंबऱ्यात खिळा मारला आणि घरापासून चिंचेपर्यंत राळं सांडत नेलं. हडळ ते दाणे वेचत बसते, वेचता वेचता उजाडतं आणि तिला घर गाठता येत नाही, असा हिशेब.

आजी तिला कधी हडळ म्हणाली नाही. आक्का म्हणायची. मी एकदा चुलीपुढं बसून शहाणपणानं म्हणालो, "आजी, आपल्या चिंचेवर हडळ हाय."

ती बराच वेळ लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "त्या रातीला समदी निजल्यावर मी कंदील घिऊन गेले. वाटंवरचं राळं जेवढं दिसलं तेवढं पदरात येचलं. म्हनलं, पोरीला यायचं असलं तर यिऊ दे."

"मग आली का?"

"न्हाई आली," म्हातारी म्हणाली आणि भाकरी उलटली.

दोन वर्षांमागं थोरल्या पोरानं खालच्या वावरात ठिबक करायचं काढलं. मेन लायनीच्या आड चिंच येत होती. तोडायला मजूर बघितले तर एकही तयार होईना. दुप्पट हजेरी देतो म्हटलं तरी नाही. पोरगं चिडलं. एकविसावं शतक चाललंय म्हणाला, ते खरंच आहे. त्याला खाली बसवलं आणि आक्काचं सगळं सांगितलं, राळ्याचंसुद्धा. तो काही बोलला नाही. लाईन चिंचेला वळसा घालून नेली. पाइप दोन जास्त लागले.