नीरेच्या खोऱ्यातील चोपण जमिनी: एका रोगनिदानाचा इतिहास

कोवळे रोप पिवळे पडले, त्याच्या पानांचे शेंडे करपले आणि भर दुपारी ते माना टाकू लागले, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो पाण्याचा. पाणी कमी पडले असावे, असे समजून पाटाचे दार पुन्हा उघडले जाते. परंतु पाण्याची टंचाई आणि पाण्याचा अतिरेक या दोन परस्परविरोधी व्याधींचे बाह्य स्वरूप पुष्कळ वेळा एकच असते. मुळांभोवतीच्या पोकळ्यांतून हवा हद्दपार झाली, की पाण्यात उभे असलेले रोपही पाणी ओढू शकत नाही आणि तहानलेल्या रोपाप्रमाणेच कोमेजते. जमीन विम्ल झाली, तर लोह, जस्त, स्फुरद यांसारखी द्रव्ये मातीत असूनही रोपाला मिळत नाहीत आणि त्याचीही खूण पिवळेपणा हीच असते. लक्षण एक आणि कारणे तीन, अशी ही स्थिती आहे. या कारणांचा उलगडा दख्खनच्या कालव्यांवर कसा झाला आणि तो झाल्यावरही उपाय का लांबला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनमधील पाटबंधाऱ्यांच्या योजनांना निकड प्राप्त करून दिली. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, पुरंदर, बारामती व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून जाणारा नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. भाटघर येथील जलाशय हा त्याचा आधार होता. या कालव्याचा मूळ हेतू संरक्षक स्वरूपाचा होता. ज्वारी-बाजरीचे पीक पावसाने दगा दिल्यास वाचवावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू पिकासाठी पाणीपट्टी भरण्यास शेतकरी राजी नव्हता आणि कालव्यावर झालेल्या खर्चाचा परतावा तर सरकारला हवा होता. या पेचातून जी वाट निघाली ती उसाची. सासवडकडील माळी बागाईतदारांसारखे कसबी लोक कालव्याच्या मुलखात उतरले, गुऱ्हाळे उभी राहिली आणि दुष्काळनिवारणार्थ काढलेला कालवा बारमाही बागाईताचा कालवा झाला.

ज्या जमिनीवर हे पाणी आले, तिची घडण ध्यानात घेतली पाहिजे. अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनलेली ही मृत्तिका भारी, चिकण व चुनखडीयुक्त आहे. ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते. पाऊस अल्प असल्याने पाषाणाच्या झिजेतून सुटणारे सोडियमचे क्षार पूर्णपणे धुपून जात नाहीत. ते खालच्या थरांत साठून राहतात. कालव्यापूर्वी भूजलाची पातळी खोल होती, त्यामुळे हा साठा पिकाच्या वाटेला जात नव्हता. कालव्याचा पाझर आणि उसाला दर पाळीस दिले जाणारे मुबलक पाणी यांमुळे पातळी वर सरकली. ती पृष्ठभागापासून काही फुटांवर येताच केशाकर्षणाने पाणी वर चढू लागले. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. सखल भागांत आणि ओढ्यानाल्यांच्या काठी प्रथम पांढरी फूल आली, नंतर उसाची उगवण विरळ झाली आणि शेवटी जमीन पडीक राहिली.

२

ही व्याधी हिंदुस्थानात अगदीच अपरिचित नव्हती. पश्चिम यमुना कालव्यावरील कर्नालजवळच्या मुनक गावातून जमिनीवर क्षार चढल्याची तक्रार १८५५ मध्येच झाली होती. उत्तरेकडे या क्षारांना ‘रेह’ म्हणत, आणि १८७०च्या दशकात तेथे रेहच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समितीही नेमली गेली होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात हिलगार्ड या मृदाशास्त्रज्ञाने पांढरे व काळे असे क्षारभूमीचे दोन प्रकार पाडले आणि सोडियम कार्बोनेटमुळे बिघडलेल्या काळ्या प्रकारावर जिप्समचा उपाय सुचविला. जमिनीतील सेंद्रिय द्रव्य विरघळून पृष्ठभाग काळसर दिसतो, म्हणून ते नाव पडले.

रोपाकडून सुरू झालेली संशोधनाची वाट मात्र निराळी होती. फ्रान्समध्ये गृ या संशोधकाने १८४०च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचा द्रव लावून पाहिला, तेव्हा पाने पुन्हा हिरवी झाली. पानात काय उणे आहे हे रोपालाच विचारून काढण्याची ही पद्धत मोठी फलदायी ठरली. परंतु तिच्यात एक मर्यादा होती. लोह लावल्याने पान हिरवे झाले, तरी लोह भरपूर असलेल्या मातीतून ते रोपाला का मिळाले नाही, या प्रश्नाचे उत्तर पान देऊ शकत नव्हते. ते उत्तर मातीत आणि पाण्यात शोधावयास हवे होते.

३

नीरेच्या बाबतीत हा शोध घेण्याचे श्रेय डॉ. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांच्याकडे जाते. मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे ग्रामीण अर्थजीवनाच्या पाहणीमुळे त्यांचे नाव समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही परिचित झाले. पुण्यास येण्यापूर्वी चहाच्या मळ्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केले होते. चहाला आम्लधर्मी माती मानवते. नीरेकाठची माती त्याच्या अगदी उलट. एकाच संशोधकाने मातीच्या प्रतिक्रियेची ही दोन्ही टोके हाताळावीत, हा योगायोग लक्षणीय आहे.

नीरा खोऱ्यातील क्षारभूमीवरील त्यांचा अहवाल १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला. अहवालाचे महत्त्व त्यातील प्रश्नाच्या मांडणीत आहे. त्यांनी क्षारांचे रासायनिक पृथक्करण केले. पण तेवढ्यावर न थांबता भूजलाची पातळी आणि निचरा यांचा विचार केला. क्षार कोठून बाहेरून आलेले नसून मूळचे जमिनीतलेच आहेत, वर चढलेल्या पाण्याने त्यांना पृष्ठभागाशी आणले आहे, आणि म्हणून निचऱ्याची व्यवस्था हाच खरा उपाय आहे, हे या विवेचनाचे सार होते. रोग मुळाशी दिसत असला, तरी त्याचे उगमस्थान शेताच्या बांधापलीकडे, वरच्या अंगाच्या शेतात आणि कालव्याच्या पात्रात असू शकते, ही दृष्टी त्या काळी नवी होती.

येथे कालक्रमाची एक बाब विशेष विचारार्ह ठरते. मातीची आम्लता व विम्लता अंकांत सांगणारे ‘पीएच’ हे परिमाण, ज्याला मराठी कृषिशास्त्रात ‘सामू’ म्हणतात, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडले. म्हणजे नीरेच्या जमिनीचे निदान झाले, तेव्हा सामूचा जन्म होऊन जेमतेम वर्ष लोटले होते आणि मृदापरीक्षणात त्याचा वापर रूढ व्हावयाचा होता. सुटसुटीत विद्युत्-मापक तर १९३०च्या दशकाच्या मध्यास, बेकमन यांच्या उपकरणाच्या रूपाने बाजारात आला. याचा अर्थ असा की, निदानाला साधनाची वाट पाहावी लागली नाही. आधी योग्य प्रश्न विचारला गेला आणि मोजमाप मागाहून आले.

४

तथापि मोजमापाने जी सूक्ष्मता आणली, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. रशियात गेद्रोइत्स यांनी चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियम कसा घेतो, हे दाखविले. सोडियम चिकटला, की कण परस्परांपासून विलग होतात, माती पाण्यात विरते, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच थबकते. शेतकरी जिला ‘चोपण’ म्हणतो ती हीच: ओली असता निसरडी व चिकट, वाळली असता दगडासारखी. जिच्यावर केवळ पांढरे क्षार साठले आहेत ती ‘खारवट’ जमीन निराळी. शास्त्राने हा भेद अंकांत आणण्यापूर्वीच भाषेने तो पुष्कळसा केला होता. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारभूमी प्रयोगशाळेने १९५४ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत त्याच्या सीमा ठरविल्या गेल्या. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्-वाहकता ४ मिलिम्होपेक्षा अधिक असेल, तर जमीन क्षारयुक्त; विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक असेल, तर ती चोपणाच्या वर्गातील. अशा निव्वळ चोपण जमिनीचा सामू सामान्यतः ८.५च्या वर जातो.

या आकड्यांवरून एक धोकाही स्पष्ट होतो. केवळ सामू पाहून निर्णय करणाऱ्याची फसगत होते. कारण क्षारांनी भरलेल्या जमिनीचा सामू ८.५च्या आत असू शकतो, आणि नमुन्यात मिसळलेल्या पाण्याच्या प्रमाणानुसार त्याच मातीचा आकडा बदलतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाणी आणि सामू हे दोन स्वतंत्र प्रश्न नव्हेत. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले, की मुळांच्या व सूक्ष्म जीवांच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू बाहेर पडू शकत नाही. त्यापासून बायकार्बोनेट वाढते आणि रोपाच्या लोहग्रहणात व्यत्यय येतो. पिवळ्या रोपाला अधिक पाणी देणारा शेतकरी अशा वेळी नकळत रोगच वाढवीत असतो. याउलट ‘वापसा’ या एका शब्दात मराठी शेतकऱ्याने ओलावा आणि हवा यांचा समतोल फार पूर्वीच नोंदवून ठेवला होता. वापसा आल्यावाचून पाळी देऊ नये, हा नियम कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचा आहे.

१९३२ मध्ये नीरा नदीच्या परिसरात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे जे. के. बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांवरील जमिनींचे उभे छेद घेऊन त्यांचे वर्गीकरण केले. नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवे यांवरील जमिनींचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व काळी जमीन सारखी नसून तिच्या खोलीवर, खालच्या मुरमावर आणि चुन्याच्या थरावर तिची पाणी सोसण्याची शक्ती अवलंबून असते, हे त्यातून प्रस्थापित झाले. एकाच पाळीने एका शेतातील ऊस फुटतो आणि शेजारच्या शेतातील गळतो, याची संगती अशा रीतीने लागली.

५

मग ज्ञान असूनही जमिनी का बिघडत गेल्या? ‘शेतकरी अज्ञानाने जादा पाणी देतो’ हे उत्तर अपुरे आहे. कालव्याची पाणीपट्टी पाण्याच्या मापावर नव्हे, तर पीक व क्षेत्र यांवर आकारली जात असे. एकदा उसाची पट्टी भरली, की कमी पाणी घेण्यात शेतकऱ्याचा कोणताही लाभ नव्हता. पुढची पाळी वेळेवर येईल याची शाश्वती नसल्याने हातात आलेले पाणी भरून घेणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. शिवाय ज्याच्या शेतात पाणी मुरे, त्याच्याच शेतात क्षार येत असे नव्हे. पाणी वरच्या अंगाला दिले जाई आणि जमीन खालच्या अंगाची जाई. लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची, अशा व्यवहारात निव्वळ उपदेश निष्प्रभ ठरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर गट पद्धती आणली. निवडक गटांतच, आलटून पालटून पिके घेऊन पाणी द्यावे, असा तिचा आशय होता. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्यातील क्लॉड इंग्लिस यांनी पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचा शास्त्रीय पाठपुरावा केला. हे दोघेही अभियंते होते, ही गोष्ट सूचक आहे. रसायनशास्त्रज्ञाने निदान केले. पण औषध देण्याचा अधिकार पाण्याचे दार ज्याच्या हाती त्याच्याकडे होता. चर खोदणे, जिप्सम घालणे, धैंचा किंवा ताग गाडणे हे उपाय शेतात करता येतात. तथापि चरातून निघालेले पाणी शेजाऱ्याच्या हद्दीतून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, म्हणून निचरा हे एकट्याचे काम होऊ शकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखान्यांच्या विस्ताराबरोबर हाच प्रश्न कृष्णेच्या खोऱ्यात, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत, उभा राहिला. तेथे तर उपसा योजनांचे पाणी सभासद शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थांनी आणले होते. परके सरकार दोषी धरण्याची सोय उरली नव्हती. पाणी मोजून देण्याचे तत्त्व महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांसाठी कायद्याने स्वीकारले गेले ते २००५ मध्ये, म्हणजे मान व ताम्हणे यांच्या अहवालानंतर ९५ वर्षांनी.

या इतिहासाचे तात्पर्य कृषिशास्त्रापुरते मर्यादित नाही. पिवळ्या पानावरून मुळाकडे, मुळावरून मातीकडे आणि मातीवरून भूजलाकडे निदानाची पायरी सरकत गेली. परंतु शेवटची पायरी पाणीपट्टीच्या दराची आणि शेजाऱ्याशी असलेल्या संबंधाची होती, आणि ती कोणत्याही मापकाच्या काचनळीत दिसणारी नव्हती. दख्खनच्या कालव्यांचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्याने महसुलाच्या तक्त्यांबरोबर भूजलाच्या नोंदीही वाचल्या पाहिजेत. उसाखाली आलेल्या एकरांची बेरीज तक्त्यांत सापडते. त्याच उसाने गमावलेल्या एकरांची वजाबाकी मात्र या दुसऱ्या नोंदींवाचून पुरी होत नाही.