वंडरलिक चाचणी

वंडरलिक चाचणी ही सर्वसाधारण बौद्धिक क्षमता मोजणारी एक प्रमाणित चाचणी आहे. अमेरिकेत नोकरभरतीसाठी ती अनेक दशके वापरली गेली. तथापि, सर्वसामान्य लोकांत ती प्रसिद्ध झाली ती नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेमुळे. या लीगमध्ये येऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंना ही चाचणी द्यावी लागे. २०२२ मध्ये लीगने ती आपल्या निवड शिबिरातून वगळली. चाचणीतील गुणांवरून खेळाडूच्या मैदानावरील कामगिरीचा अंदाज बांधता येतो का, हा तिच्यासंबंधीचा मुख्य वाद आहे.

इतिहास

एल्डन एफ. वंडरलिक यांनी १९३० च्या दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत असताना ही चाचणी तयार केली. त्याआधीच्या बुद्धिमापन चाचण्या दीर्घ असत. कमी वेळात, एकाच वेळी अनेक उमेदवारांची घेता येईल अशी चाचणी उद्योगांना हवी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने वैमानिक व मार्गनिर्देशक यांच्या निवडीसाठी तिचा उपयोग केला. फुटबॉलमध्ये ती रुजवण्याचे श्रेय सामान्यतः डॅलस काउबॉइज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना दिले जाते.

स्वरूप

चाचणीत ५० प्रश्न असून त्यांसाठी १२ मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १५ सेकंदांहूनही कमी वेळ येतो. शब्दांचे अर्थ, अंकगणित, संख्यामाला, तर्क व आकृत्यांची तुलना असे प्रश्न असतात आणि ते उत्तरोत्तर कठीण होत जातात. प्रत्येक बरोबर उत्तरास एक गुण मिळतो. सर्वसाधारण प्रौढांची सरासरी सुमारे २० ते २१ गुण मानली जाते. बहुतेक उमेदवारांचे सर्व प्रश्न सोडवून होत नाहीत, त्यामुळे विचारशक्तीबरोबरच वाचनाचा वेगही गुणांवर परिणाम करतो.

खेळाडूंचे गुण

क्रीडापत्रकार पॉल झिमरमन यांनी १९८४ मधील आपल्या पुस्तकात खेळाडूंच्या स्थानांनुसार सरासरी गुण दिले होते. त्यांनुसार आक्रमक फळीतील टॅकल २६, सेंटर २५, क्वार्टरबॅक २४, तर हाफबॅक १६ असे गुण होते. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. बचावाची रचना ओळखून काही क्षणांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते, म्हणून त्याच्या गुणांना विशेष महत्त्व दिले जाई.

प्रत्यक्ष उदाहरणे मात्र परस्परविरोधी आहेत. डॅन मरीनो व टेरी ब्रॅडशॉ या दोन्ही क्वार्टरबॅकना १५-१६ गुण मिळाल्याचे सांगितले जाते. दोघांचाही पुढे खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या रायन फिट्झपॅट्रिक यांना ४८ गुण मिळाल्याचे वृत्त होते. तरीही २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्यांची निवड अखेरच्या, सातव्या फेरीत झाली. हार्वर्डच्याच पॅट मॅकिनॅली यांनी १९७५ मध्ये ५० पैकी ५० गुण मिळवले. या गुणांमुळे ड्राफ्टमध्ये आपले नुकसानच झाले असावे, असे त्यांनी पुढे सांगितले. कमी गुणांचा खेळाडू डावपेच शिकू शकणार नाही आणि जास्त गुणांचा खेळाडू प्रशिक्षकाचे ऐकणार नाही, अशा दोन्ही समजुती संघांत होत्या.

संशोधन

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या ड्राफ्टमधील ७६२ खेळाडूंचे गुण तपासण्यात आले. गुण आणि मैदानावरील कामगिरी यांत एकंदरीत सहसंबंध आढळला नाही. टाइट एंड व बचावफळीतील मागचे खेळाडू यांच्या बाबतीत तर संबंध उलट, म्हणजे ऋण होता. कार्यालयीन व तांत्रिक नोकऱ्यांत बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या कामगिरीचा काही प्रमाणात अंदाज देतात, असे औद्योगिक मानसशास्त्र मानते. त्यामुळे हा निष्कर्ष लक्षणीय ठरला. खेळातील निर्णय कागदावरील तर्कापेक्षा वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेल्या दृष्टीवर व शारीरिक कौशल्यावर अधिक अवलंबून असतात, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

टीका

शब्दसंग्रह व वाचनाचा वेग हे शालेय शिक्षणाशी निगडित असल्याने असमान संधी मिळालेल्या गटांवर चाचणी अन्याय करते, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. तो खेळाबाहेर आधीच न्यायालयात गेला होता. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर या कंपनीने बढती व बदलीसाठी वंडरलिकसह दोन चाचण्या किंवा माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी (१९७१) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, जी अट कृष्णवर्णीयांना मोठ्या प्रमाणावर वगळते आणि जिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती हेतू भेदभावाचा नसला तरी बेकायदेशीर ठरते. फुटबॉलमधील वापरावर टीका करणारे हीच कसोटी पुढे करतात.

गुणांची गोपनीयता हा दुसरा प्रश्न होता. निकाल केवळ संघांसाठी असूनही ते वारंवार फुटत आणि कमी गुण मिळालेल्या विशीतील खेळाडूची जाहीर चेष्टा होई. २००६ मध्ये क्वार्टरबॅक विन्स यंग यांना पहिल्या प्रयत्नात ६ व फेरचाचणीत १६ गुण मिळाल्याच्या बातम्या गाजल्या. ड्राफ्टमध्ये त्यांची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली आणि त्याच हंगामात त्यांना सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

सद्यस्थिती

लीगने चाचणी वगळल्यानंतरही बौद्धिक मापनाची कल्पना मागे पडलेली नाही. काही संघ आता संगणकावरील एस-२ ही चाचणी वापरतात. तिच्यात शब्द व गणिताऐवजी दृश्य ओळखण्याचा आणि प्रतिसाद देण्याचा वेग मोजला जातो. २०२३ मध्ये या चाचणीत सी. जे. स्ट्राउड यांना अत्यंत कमी गुण मिळाल्याचे वृत्त पसरले होते. त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कार त्यांनाच मिळाला.