धनको समिती आणि पुण्याचे पहिले प्रकरण

कंपनी कर्जात बुडाली की तिचे पुढे काय करायचे, हे कोणी ठरवायचे? भारतात या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. कंपनी मोडीत काढण्याचे काम आधी उच्च न्यायालयांकडे असे. मध्य प्रदेशापुरते ते आमच्या जबलपूरच्या न्यायालयाकडे. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याने वेगळे मंडळ आणले. पण तिथे प्रकरण नोंदले की वसुली थांबे आणि कारखाना जुन्याच मालकाच्या हाती राही. मालकांना हे सोयीचेच होते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने निर्णय धनको समितीकडे दिला.

या संहितेखालचा पहिलाच अर्ज पुण्याजवळच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या पोलादी नळ्या बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध आला. अर्जदार आयसीआयसीआय बँक. कंपनीने १९५८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याची ढाल पुढे केली. बेकारी टाळण्यासाठी राज्य सरकार त्याखाली एखाद्या उद्योगाची देणी काही काळ स्थगित करू शके. कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने १७ जानेवारी २०१७ रोजी तरीही अर्ज दाखल करून घेतला. केंद्राची संहिताच वरचढ, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्टला सांगितले.

यानंतर सूत्रे समितीच्या हाती होती. समितीत मुख्यतः बँकांसारखे वित्तीय धनको बसतात. मत डोकी मोजून नसते, ज्याचे कर्ज जितके तितका त्याचा वाटा. त्या वेळी कंपनी वाचवण्याच्या योजनेला ७५ टक्के मते लागत. इनोव्हेंटिव्हच्या योजनेला दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळाली. बहुमत होते, तरी डिसेंबर २०१७ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. जून २०१८ च्या अध्यादेशाने ही अट ६६ टक्क्यांवर आणली. पुण्याच्या कारखान्याला त्याचा उपयोग नव्हता.

योजना फेटाळण्यामागचे समितीचे व्यावसायिक कारण न्यायाधिकरणाने तपासू नये, हे के. शशिधर प्रकरणात २०१९ मध्ये पक्के झाले. मला हे तत्त्व पटते, कारण पैसा ज्याचा बुडतो त्याला हिशेब कळतो. पण पैसा फक्त बँकांचाच बुडत नाही. कच्चा माल पुरवणाऱ्यांची एकूण येणी कर्जाच्या किमान १० टक्के असली, तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो. मत देऊ शकत नाही. थकलेल्या पगाराच्या कामगारांनाही मत नाही. अवसायनात कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. पुरवठादारांचा क्रम मात्र बराच खाली लागतो.