अभंगात आलेला नाताळ

डिसेंबरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरी मराठी ख्रिस्ती भजनं लागतात. "मुसलमानाच्या घरात?" असं विचारणारे असतातच. हजरत ईसांच्या जन्माची हकीकत कुरआनातल्या सूरह मरियममध्येही आहे. आम्हांला ते पैगंबर, ख्रिस्ती बांधवांना देवाचे पुत्र; हा फरक मी पुसत नाही. मला ओढ त्या भजनांतल्या मराठीची.

त्यांतली माझी आवडती बहुतेक पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचा. धर्मांतरावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी तर वाचावीच.

टिळकांनी धर्म बदलला, छंद नाही. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात. टिळकांनी तिथे अभंग आणि भजन नेलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

ही वाटही जुनीच. गोव्यात फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली ओवीतच छापलं गेलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम'ही ओवीतच. मुसलमान असून मराठी कसं शिकवता, असं मला अजूनही विचारतात. वर्गात ओवी शिकवताना मी फळ्यावर ज्ञानेश्वरांखाली ही दोन नावं लिहितो.