भाड्यात काय काय येते?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चाळीच्या दिवसांविषयी काही लिहावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. चाळीतला शेजारधर्म, हळदीकुंकू, गणेशोत्सव यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी मात्र भगिनींपुढे जरा रुक्ष वाटणारा प्रश्न ठेवणार आहे. मुंबईतल्या एका खोलीचे भाडे आपण वर्षानुवर्षे भरले, ते नेमके कशाकशाचे?

विहार तलावाचे पाणी मुंबईस १८६० मध्ये मिळू लागले, तानसाचे १८९२ मध्ये. तरी बहुतेक चाळींत नळ खोलीपर्यंत आला नाही. तो मजल्याच्या टोकाशी किंवा खाली अंगणातच राहिला. पावतीवर एका खोलीचे भाडे लिहिलेले असे. पण तो सामाईक नळ, संडास, जिन्यातला दिवा आणि झाडलोट हे सारे त्यातच धरलेले असे. १८९६ च्या प्लेगाने कोंदट घरांचे भयंकर रूप उघडे केले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बी. आय. टी. चाळी बांधल्या. पुढे १९२० मध्ये निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सामाईक. म्हणजे अर्धा संसार खोलीत आणि अर्धा गॅलरीत!

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये त्यांवर निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण ठरले. भाडे गोठले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गृहिणीच्या दृष्टीने त्यातले २४ वे कलम अधिक मोलाचे होते. पाणी, वीज, जिन्यातले व वाटेतले दिवे, लिफ्ट आणि सफाई या आवश्यक सोयी घरमालकाने योग्य कारणावाचून तोडू नयेत, असे ते कलम सांगत होते. भाडे केवळ चार भिंतींचे नाही, हे कायद्यानेच मान्य केले.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या चाळीत एकदा मालकाच्या माणसाने पंप बंद केला व जिन्यातला दिवाही काढून नेला. "एवढ्याशा भाड्यात पाणी कसले मागता?" असे वर ऐकविले. तीन दिवस आम्ही शेजारच्या वाडीतून हंडे वाहिले. मग साऱ्या जणी आपापल्या भाडेपावत्या घेऊन वकिलाकडे गेलो. नोटीस गेली आणि चौथ्या दिवशी नळाला पाणी आले. त्या दिवशी पावतीच्या चिटोऱ्याची किंमत आम्हांला कळली.

मालकांचीही बाजू होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. भाडे जागच्या जागी राहिले. डागडुजी, पंप, सफाई यांचा खर्च मात्र चढत गेला. इमारती खचू लागल्या. म्हणूनच १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ निघाले आणि त्यासाठी उपकर बसला. पुढे १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दरसाल चार टक्के भाडेवाढ मालकांना दिली, आणि सोयी तोडू नयेत हे जुने बंधन २९ व्या कलमात कायम ठेवले.

आता चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ बिऱ्हाडांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे, नळ स्वयंपाकघरात, संडास घरात. हे सुख आपल्या सासवांना लाभले नाही, म्हणून आनंदच वाटतो. परंतु तेथे एका पावतीत सारे मावत नाही. विजेचे बिल वेगळे. लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा खर्च वेगळा.

म्हणून भगिनींनो, घर भाड्याने घेताना किंवा पुनर्बांधणीच्या करारावर सही करताना पुरुषमंडळी क्षेत्रफळ विचारतील, ते विचारू द्या. पाणी कशात, वीज कोणाच्या मीटरवर, सफाईचे पैसे कोण देणार, हे आपण विचारावे आणि लेखी मागावे. हंडा शेवटी आपल्याच कमरेवर येतो!